जुवाच्या लाकडाची गिटार

आधीच सांगतो, मला तुमच्याकडून उपाय नकोत. लिंबू, काळा धागा, अमक्या गावचा अंगारा... असलं काही लिहायचं असेल तर इथंच थांबा. या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे आणि आजवर फक्त चेष्टा करायला येत होतो. कुणी चिंचेखाली बाई दिसली असं लिहिलं की तिनं आधार कार्ड दाखवलं का, असं विचारणारा तो मीच. त्यामुळे आता ज्यांना माझी खिल्ली उडवायची असेल त्यांनी खुशाल उडवावी. मला फरक पडत नाही.

मी सोलापूरला एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर आहे. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो मी करतो. सव्वीस वर्षं झाली. अर्धा मिलिमीटर चुकला तर अख्खं कास्टिंग भंगारात जातं आणि शिव्या मला बसतात. थोडक्यात, जे मोजता येतं ते खरं आणि बाकी सगळ्या गप्पा, असा माझा स्वभाव. माझ्या घरच्यांना हा स्वभाव आवडतो असं नाही.

विजापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं तळमजल्याचं घर. मागं पत्र्याची शेड, त्यात माझं बेंच, रंधे, लाकूड कापायची छोटी बँडसॉ. घरात बायको सुनंदा आणि मुलगी मुक्ता. ही हकिकत घडली तेव्हा मुक्ता एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गिटार छान वाजवते. तिच्याकडं एक स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार होती, तिची मान सोलापूरच्या उन्हाळ्यात वाकली. मान म्हणजे गिटारचा लांब दांडा, ज्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात. ती वाकली की गिटार संपली. मुक्तानं नवी पेठेतल्या एका दुकानात निळ्या रंगाची एक गिटार बघून ठेवली होती. मी दुकानात जाऊन ती हातात घेतली, उलटी केली, जोड बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणालो की ही नेलपॉलिश लावलेली फळी आहे, यापेक्षा चांगली मी घरी करतो. मुक्ता म्हणाली, पप्पा, मला हीच आवडलीय. मी ऐकलं नाही. मला वाटलं, पोरीला काय कळतंय.

बॉडीसाठी सागवान मिळालं, पाडलेल्या एका घराच्या चौकटीचं, चांगलं मुरलेलं. अडलं होतं मानेसाठी. तिला लाकूड कडक हवं, रेषा सरळ हव्यात आणि इतकं जुनं हवं की आता ते हलणार नाही. नवीन लाकडावर माझा भरवसा नाही. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये सगळ्यांचीच ही खोड आहे... जुनं लाकूड दिसलं की हात शिवशिवतात, मग ते कुणाच्या पलंगाचं असो की मोडक्या देव्हाऱ्याचं. मार्चमध्ये गावी गेलो होतो. माळशिरसच्या पुढं आमचं गाव, तिथं वडील असतात. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. उसाचं सगळं काम ट्रॅक्टरनं होतं, तरी हौसेनं एक बैलजोडी सांभाळून आहेत. त्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर मला पोत्यात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं एक जू सापडलं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. जू म्हणजे दोन बैलांच्या मानेवर आडवा ठेवतात तो दांडा, त्याला नांगर किंवा गाडी जोडतात. एरवी जू हलक्या लाकडाचं करतात. हे शिसवाचं होतं, नेहमीच्या दुप्पट जड. चाकूनं जरा खरवडलं तर आतून काळं-जांभळं निघालं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आण्णा उसाला पाणी द्यायला गेले होते. मी त्यांना न विचारताच ते गाडीत टाकलं. नंतर फोनवर सांगितलं, माळ्यावरचं एक जुनं लाकूड नेलंय. ते म्हणाले, ने की. त्यांना वाटलं असेल एखादा वासा.

एप्रिल-मे मी शेडमध्ये काढले. बेचाळीस डिग्री, वर पत्रा. शिसव रंधताना एक गोडसर वास येतो, याला तो येत नव्हता. घामाचा आणि ओल्या गोठ्याचा येत होता. माळ्यावर पडून मुरला असेल, असं म्हणून मी काम चालू ठेवलं. आता माझी चूक सांगतो. जुवाचा जो भाग बैलाच्या मानेवर बसतो, तो घासून घासून खोलगट झालेला होता आणि इतका गुळगुळीत की कुठल्याही पॉलिश पेपरनं तसा करता येणार नाही. बरोबर तोच तुकडा गिटारच्या मानेच्या लांबीचा निघाला. पुढून मी तो सपाट केला, फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या बसवल्या, पण मागची ती खोलगट जागा तशीच ठेवली. अंगठा तिथं आपोआप जाऊन बसत होता. फॅक्टरीतल्या दोघा-तिघांना मी ती मान नेऊन दाखवली आणि कौतुक करून घेतलं. पॅटर्नमेकर सोडून दुसऱ्या कुणी हा शहाणपणा केला नसता.

पूर्ण झालेली गिटार आमच्या शॉपमधल्या डिजिटल काट्यावर तीन किलो आठशे ग्रॅम भरली. तीनदा ठेवून बघितली.

आवाज मात्र... काय सांगू. एक तार छेडली की सूर संपतच नव्हता. मुक्तानं जूनमध्ये ती पहिल्यांदा गळ्यात घातली, दहा मिनिटं वाजवली आणि म्हणाली, पप्पा, लई जड आहे, मान दुखते. मी तिला वजन सांगितलं. बसायची पद्धत चुकते म्हणालो. दोन दिवसांनी ती परत तेच म्हणाली, तेव्हा मी चिडलो. ऑगस्टमध्ये तिच्या कॉलेजच्या स्पर्धा होत्या आणि माझी गिटार तिथं दिसली पाहिजे, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. जेवताना रोज तोच विषय. आज किती वेळ वाजवलंस? एवढंच? मी शेडमध्ये तळून निघालो ते कुणासाठी? सुनंदा मध्ये पडायची, तिलाही मी गप्प करायचो. मग मुक्तानं तक्रार करणं सोडलं.

उलट ती जास्तच वाजवायला लागली. मी कामावर असताना दुपारी, सलग तीन-तीन तास. सुनंदा सांगायची की हाक मारली तरी ऐकत नाही, पाणी घेत नाही, मान खाली घालून वाजवतच राहते. मला वाटलं गोडी लागली. फॅक्टरीत सांगत फिरलो.

पंधरा दिवसांत तिच्या मानेवर मागच्या बाजूला सूज आली. आधी लाल, मग तिथली कातडी जाड आणि काळपट झाली, केस गळले, मध्ये चीर पडून लस येऊ लागली. आता नीट ऐका. गिटारचा पट्टा डाव्या खांद्यावरून जातो. सूज होती मानेच्या बरोबर मधोमध, वरच्या अंगाला, जिथं पट्टा येतच नाही. मी रुंद पट्टा आणला. फरक पडला नाही. मग पट्टाच काढला आणि आठ दिवस तिला खुर्चीत बसून मांडीवर गिटार घेऊन वाजवायला लावलं. सूज दीडपट झाली. मी कॅलिपरनं मोजली होती, हसू नका.

त्वचेच्या डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली, मलम दिलं. शिसवाच्या भुशाची ॲलर्जी काही लोकांना येते, हे खरं आहे. पण तो भुसा दोन महिने मी छातीत भरून घेतला होता आणि मला साधी खाज सुटली नव्हती. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, एमआरआय केला, सगळं नॉर्मल. तोवर मुक्ताला मान वर करता येईनाशी झाली होती. माझ्याशी बोलताना ती माझ्या शर्टाच्या बटणांकडं बघून बोलायची. आणि तरीही मी गिटार बंद कर म्हणालो नाही. हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय, पण खोटं लिहून काय मिळणार.

जुलैत बेंदूर आला. आमच्या भागात बैलांचा सण तो हाच. आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात आणि सणादिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. कितीही काम असो, नाही म्हणजे नाही. आम्ही तिघं आदल्या दिवशी दुपारी गावी पोचलो. नातेवाइकांना दाखवायला म्हणून मी गिटारही घेतली होती.

मुक्ता आण्णांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिच्या मानेवरचे केस बाजूला केले, बोटानं सूज दाबून बघितली. दोन डॉक्टर आणि एका एमआरआयला जे जमलं नव्हतं, ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं.

"हिला खांदा आलाय."

जुवानं बैलाची मान सोलते आणि सुजते, त्याला खांदा येणं म्हणतात. मी हसलो. माणसाला कसा येईल, म्हणालो. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "माणसाला येतच न्हाय. म्हणूनशान इचारतो, माळ्यावरनं तू काय नेलंस?"

मी गिटार दाखवली. त्यांनी हात लावला नाही. मागची खोलगट जागा बघितली आणि खाली बसले. मग कळलं की ते जू त्यांच्या चुलत्यानं मुद्दाम जड करून घेतलं होतं. मस्तीला आलेले खोंड, म्हणजे तरणे बैल, त्याखाली धरायचे. आठ दिवसांत मान खाली घालून चालायला लागायचे. आसपासच्या वाड्यांवरून लोक ते मागून न्यायचे. एका बेंदराला, सणादिवशीच, चुलत्यानं पैज लावून एका खोंडाला त्याखाली जुंपलं. तो तासात, म्हणजे नांगराच्या सरीतच, खाली बसला. मारलं, शेपूट पिरगाळली, तो उठला नाही. मेल्यावर जू काढायला गेले तर ते निघेना. चौघं लागले.

"मग जाळून का टाकलं नाही?" मी विचारलं.

"जू जाळत न्हाईत," आण्णा म्हणाले.

मला त्यांचा राग आला. लहान मुलांना घाबरवायच्या गोष्टी, त्याही माझ्या मुलीसमोर. मी बरंच बोललो. आण्णा उठून गोठ्यात गेले. संध्याकाळी बैलांचे खांदे चोळून झाले, मग त्याच वाटीतलं हळद-लोणी घेऊन ते मुक्तामागं बसले आणि तिची मान चोळत राहिले, अर्धा तास तरी. बैलांना म्हणतात तसंच तिलाही म्हणाले, उद्या सुट्टी, उद्या जेवायला ये. सकाळी सूज अर्धी उतरलेली होती. मुक्तानं कितीतरी दिवसांनी माझ्या डोळ्यांकडं बघितलं.

इथं कुणाही शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. मी म्हणालो, मलम लागू पडलं.

दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. ओसरीवर पंधरा-वीस माणसं पान खात बसली होती. माझा चुलतभाऊ म्हणाला, दादा, ऐकवा की तुमचं ते. तो चेष्टा करतोय हे मला कळत होतं आणि आण्णा कोपऱ्यात बसून माझ्याकडं बघतायत हेही. मला त्या सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं. मी छोटा अँप, म्हणजे गिटारचा स्पीकर, जोडला आणि मुक्ताला म्हणालो, घाल. ती नको म्हणाली, आज नको. मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. तिनं गिटार घातली.

पाच-सहा मिनिटं ती नीट वाजवत होती. मग तिची मान खाली गेली. मग पाठ वाकली. आणि ती गुडघ्यावर आली, हात चालूच. लोकांना वाटलं स्टाइल आहे, दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मला तिची बोटं दिसली, फुटली होती, तारा लाल झालेल्या. मी अँपची वायर उपटली. आवाज बंद झाला, तिचे हात थांबले नाहीत. सुनंदा ओरडली. मी दोन्ही हातांनी गिटार धरून वर ओढली.

ती हलली नाही.

तीन किलो आठशे. मी फॅक्टरीत चाळीस किलोचे पॅटर्न उचलतो. पाय रोवून, सगळं बळ लावून ओढलं, पण गिटार वर येण्याऐवजी माझेच हात खाली चालले होते. चुलतभाऊ आला, त्यालाही जमलं नाही. जितकं ओढावं तितकी ती खाली बसत होती आणि मुक्ताच्या घशातून एक आवाज येत होता, तो मी इथं लिहिणार नाही. त्या लाकडाला तिचा जीव नको होता... खोंडाला मोडावं तसं ते तिला मोडत होतं. मला असलं बोलायची सवय नाही, पण त्या वेळी मला हे काट्यावरच्या आकड्यासारखं स्पष्ट समजत होतं.

आण्णा उठून आले. मला खांद्याला धरून मागं लोटलं. "वढू नगंस. वढून जू निघत न्हाय." त्यांनी आधी पट्ट्याचं बक्कल सोडलं, बैलाच्या गळ्याची जुपणी, म्हणजे जुवाला बांधलेली दोरी, सोडतात तसं. मग तिच्यासमोर बसले, कपाळावर तळवा ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "माघारी. एक पाऊल माघारी ये, बाळा."

मुक्ता गुडघ्यावरच वीतभर मागं सरकली. आण्णांनी एका हातानं गिटार उचलली आणि बाजूला ठेवली.

एवढंच. बैल सोडताना जू वर ओढत नाहीत, बांधलेलं सोडून जनावराला मागं घेतात. हे गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. मी त्याच घरात जन्मलो आणि मला माहीत नव्हतं.

त्याच दुपारी मी चार स्क्रू काढून गिटारची मान वेगळी केली. आण्णांनी ती पोत्यात घातली, जुवाची उरलेली दोन टोकं पुढच्या रविवारी सोलापूरहून आणवून घेतली. त्याचं काय केलं ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. मुक्ताची मान पंधरा दिवसांत बरी झाली. बोटांना वेळ लागला. स्पर्धा हुकली. मी नवी पेठेतून ती निळी गिटार आणली, तोवर तिला ती नको होती.

आता ती पुण्याला एम.एस्सी. करते. मैत्रिणीची गिटार कधीतरी वाजवते म्हणे. गेल्या दिवाळीला घरी आली तेव्हा फराळ करता करता मी तिला विचारलं, त्या वेळी दुपारी तीन-तीन तास कशी वाजवायचीस गं, दुखत असताना. तिनं सहज सांगितलं. दहा मिनिटांतच गिटार खाली ठेवावीशी वाटायची, पण हात ढिले पडले की मागून कुणीतरी बैल हाकल्यासारखं जिभेनं च्यक् च्यक् करायचं आणि बोलायचं. मी विचारलं, कोण, म्हातारा माणूस होता का, गावाकडचं बोलत होता का.

"नाही," ती म्हणाली. "तुमचा आवाज होता, पप्पा. मला वाटायचं तुम्ही लवकर घरी आलाय. म्हणून मी मागं बघायचेच नाही."

मी त्या दोन महिन्यांचं हजेरीचं रेकॉर्ड काढून आणलं. एकही दुपार मी घरी नव्हतो. मुक्ता म्हणाली, मला माहीत आहे, मी आईला तेव्हाच विचारलं होतं. मग तो आवाज काय काय म्हणायचा, ते मी तिला विचारलं. आठवेल तेवढं तिनं सांगितलं, शब्द न् शब्द: एवढंच? मी शेडमध्ये तळून निघालो ते कुणासाठी?

मी नसताना माझा आवाज त्या खोलीत कसा आला, याचं उत्तर माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर सांगा. ती वाक्यं कुठून आली, ते मला माहीत आहे.